घोड्याचा पोटशूळ : नव्या मालकाने आधी काय शिकावे

पहिला घोडा घेतल्यावर पोटशूळाची, म्हणजे पोटात उठणाऱ्या तीव्र कळांची, धास्ती वाटणे योग्यच आहे; मात्र त्यातील बराचसा धोका रोजच्या शिस्तीने कमी करता येतो. घोड्याला उलटी करता येत नाही आणि त्याचे जठर शरीराच्या मानाने लहान असते, त्यामुळे त्याला दिवसभर थोडे थोडे चरणेच मानवते. सुरुवातीला एवढे सांभाळा :

- रोजच्या आहाराचा पाया वैरण असावी. कोरड्या वैरणीचे वजन घोड्याच्या वजनाच्या किमान दीड टक्का हवे. खुराक (दाणा) थोडा थोडा, विभागून द्यावा.
- आहारातील कोणताही बदल, वैरणीचा नवा गठ्ठासुद्धा, 7 ते 10 दिवसांत हळूहळू करावा. नवखे लोक सर्वाधिक येथेच चुकतात.
- स्वच्छ पाणी सदैव असावे. थंडीत घोडा पाणी कमी पितो आणि आतड्यात चारा अडकतो, म्हणून तेव्हा कोमट पाणी द्यावे.

जंतनिर्मूलन आणि दातांची तपासणी पशुवैद्यांच्या सल्ल्याने करावी.

घोडा खाणे सोडून कुशीकडे वळून पाहू लागला, पायाने जमीन उकरू लागला, लोळू लागला किंवा लीद थांबली, तर वाट पाहू नका. चारा काढून घ्या, नाडी मोजा आणि पशुवैद्यांना त्वरित कळवा. विश्रांतीत नाडी मिनिटाला साधारण 28 ते 44 असते. ती 60 च्या वर राहिली तर प्रकृती गंभीर समजावी. वेदनाशामक पशुवैद्यांना विचारल्याविना देऊ नका, कारण त्याने लक्षणे झाकली जातात.