ठसा का पुसटतो, शाई का पसरते?

वाचकांचे प्रश्न : मिश्र माध्यमातली कार्डं आणि कॅनव्हास

या वेळच्या बहुतेक पत्रांत तक्रार एकच आहे : खालचा थर वरच्या थराला धड बसू देत नाही. त्यामुळे शाई वाळते कशी आणि सुटते कशाने, हे उत्तरांत पुन्हा पुन्हा येईल.

प्रश्न : काळ्या शाईने फुलाचा ठसा उमटवून आत जलरंग भरले, तर रेघ फुटली आणि रंग मळकट झाला. म्हणून ‘वॉटरप्रूफ’ लिहिलेलं पॅड घेतलं. जलरंगात ती शाई टिकली, पण अल्कोहोल मार्कर फिरवताच पुन्हा पसरली. दोन्हींना चालेल अशी शाई कोणती?

एकच शाई शोधण्यापेक्षा दोन पॅड ठेवा. डाय शाई (विरघळलेल्या रंगाची; पुढे येणारी कापायची ‘डाय’ वेगळी) पाण्यावर आधारलेली असते. ती कागदात मुरून लगेच वाळते, पण पाणी लागलं की पुन्हा हलते. तेलावर किंवा सॉल्व्हंटवर (विद्रावकावर) आधारलेली शाई पाण्याला दाद देत नाही, मात्र मार्करमधलं अल्कोहोल तिला सोडवतं. तुमच्या पॅडवरचा ‘वॉटरप्रूफ’ हा शब्द खरा आहे, पण तो फक्त पाण्यापुरता. रेघेची शाई ज्यात सुटते ते आतल्या रंगात असता कामा नये, एवढं पाहिलं की शाई निवडणं सोपं होतं.

अल्कोहोल मार्करसाठी मेमेंटोसारखी डाय शाई घ्या. जलरंगासाठी वर्साफाइन किंवा आर्काइव्हल प्रकारची. स्टेझऑनसारखी सॉल्व्हंट शाई काच, धातू, प्लॅस्टिक, ॲसिटेट अशा न शोषणाऱ्या पृष्ठभागांसाठी उत्तम; मार्करखाली मात्र ती नको. दोन्हींत चालतात असं सांगणाऱ्या हायब्रिड शायाही मिळतात, पण कागद बदलला की त्यांचं वागणं बदलतं, त्यामुळे आधी चाचणी हवीच.

चाचणी अशी करा. कार्डाला वापरणार आहात त्याच कागदाच्या तुकड्यावर एकच ठसा चार वेळा उमटवा. पहिल्यावर लगेच, दुसऱ्यावर पाच मिनिटांनी, तिसऱ्यावर हीट गनने (गरम हवेच्या यंत्राने) वाळवून आणि चौथ्यावर दुसऱ्या दिवशी ओला ब्रश आडवा ओढा. रेघेच्या कडेला राखाडी सावली दिसली, तर शाई अजून सुटतेय. त्या कागदावर ती शाई किती वेळ मागते ते या चार ठशांवरून कळतं. तुकड्यावर शाईचं नाव लिहून तो जपून ठेवा. गुळगुळीत, लेप दिलेल्या कागदावर तेलाच्या शाईला रात्रभर वेळ द्यावा लागतो, आणि त्याआधी हात लागला तर सगळं फिस्कटतं.

प्रश्न : नव्या पारदर्शक स्टॅम्पवर शाई थेंबाथेंबाने गोळा होते आणि ठसा ठिपक्याठिपक्यांचा उमटतो. स्टॅम्प खराब आहे का?

स्टॅम्पमध्ये दोष नसतो. साच्यातून आलेल्या फोटोपॉलिमरवर (पारदर्शक स्टॅम्पच्या प्लॅस्टिकवर) बारीक तेलकट थर आणि चकाकी असते, तिच्यावर डाय शाई टिकत नाही. पांढऱ्या खोडरबराने स्टॅम्पचा पृष्ठभाग हलक्या हाताने घासा, पुसा, मग पिगमेंट शाईने (न विरघळणाऱ्या रंगकणांच्या शाईने) दोन-तीन ठसे रद्दी कागदावर काढा. नंतर डाय शाई नीट धरते. भरीव आकाराचे स्टॅम्प याबाबतीत सर्वांत हट्टी. त्यांना एकदा दाबून भागत नाही, म्हणून चुंबकाने कागद धरून ठेवणारा स्टॅम्पिंग प्लॅटफॉर्म वापरा : स्टॅम्प जागचा हलत नाही, त्यामुळे पुन्हा शाई लावून त्याच जागी ठसा देता येतो. पारदर्शक स्टॅम्पला पाठीमागे फोम नसतो, तेव्हा कागदाखाली पातळ फोमची चटई असू द्या.

स्टॅम्प धुवायला पाणी आणि सौम्य साबण पुरे. सॉल्व्हंट क्लीनर फक्त तशा शाईपुरता, आणि तोही रबरावर. फोटोपॉलिमर त्याने चिकट होतं. स्टॅम्पवर राहिलेल्या डागाने ठशाचं काहीही बिघडत नाही. तो काढायच्या मागे लागू नका.

प्रश्न : मशिनमध्ये दाबून कागद कापायचा धातूचा साचा, म्हणजे डाय, जाळीदार असेल तर कडेला कापते, मधे कापत नाही. कापलं तर कागद डायमध्येच अडकून फाटतो.

आधी मांडणी तपासा. पातळ धातूच्या डायची धारदार कड कागदाकडे आणि दोन्ही बाजूंना कटिंग प्लेट, हे बरोबर असेल तर पुढचा संशय प्लेटवर. एकाच बाजूने वापरून प्लेट वाकते आणि मधे दाब कमी पडतो. दर वेळी ती उलटी करून घ्या. प्लेटवर चरे असणारच, त्यासाठी ती टाकून देऊ नका.

डाय सरळ न ठेवता थोडी तिरपी ठेवा. सरळ ठेवली की लांब धार रोलरखाली एकदम येते आणि दाब विभागला जातो. तिरपी असली की धार थोडीथोडी आत शिरते. तरीही मधला भाग सुटत नसेल तर प्लेटच्या वर साध्या कागदाचा एक ताव घाला. एका वेळी एकच. दांडा फिरवताना जोर लावावा लागला तर लगेच मागे घ्या, कारण जास्त भर घातल्याने मशिनचा गिअर मोडतो. फक्त एकच ठिपका कापला जात नसेल, तर बरोबर त्या जागी कागदाचा छोटा तुकडा टेपने चिकटवला तरी काम होतं. मशिनमधून दोन-तीनदा पुढेमागे फिरवण्यात काही गैर नाही. फक्त डाय टेपने पक्की धरलेली हवी, नाहीतर दुसऱ्या फेरीत कडेला दुहेरी काप येतो.

अडकण्यावर उपाय : डाय आणि कागद यांच्यामध्ये मेणकागदाचा तुकडा. त्याचं मेण धारेला लागतं आणि कापलेला भाग सहज सुटतो. डायच्या पाठीवर जी बारीक भोकं असतात ती यासाठीच. बोथट सुईने तिथून हळूहळू ढकला, कोपरा धरून ओढू नका. कागद २०० ते २५० जीएसएमचा (चौरस मीटरला तितके ग्रॅम) आणि गुळगुळीत हवा. चमकीच्या किंवा खडबडीत कागदावर नाजूक जाळी नीट निघत नाही, तिथे ठळक आकाराच्या डाय वापरा.

जाळीला गोंद लावणं ही खरी डोकेदुखी. त्यावर उपाय कापण्याआधीच करावा : कागदाच्या पाठीला दोन्ही बाजूंनी चिकट असलेली शीट लावा आणि मग डाय चालवा. नाजूक फांदीसुद्धा स्टिकर होऊन बाहेर येते.

प्रश्न : एम्बॉसिंग पावडर (तापवल्यावर वितळून ठशाला उठाव देणारी) नको तिथे चिकटते आणि तापवल्यावर अक्षरं चपटी, तेलकट दिसतात.

या दोन वेगळ्या चुका आहेत. नको तिथे चिकटते ती बोटांच्या ओलाव्यामुळे, स्थिर विजेमुळे किंवा आधी फिरवलेली शाई ओलसर राहिल्यामुळे. पार्श्वभूमी आधी रंगवली असेल तर ती पूर्ण वाळवा, अँटिस्टॅटिक पुडी फिरवा आणि मगच वर्सामार्कसारख्या चिकट शाईने ठसा द्या. पावडर टाकून कागदाला पाठीमागून टिचकी मारा. उरलेले कण कोरड्या बारीक ब्रशने टिपा.

चपटी अक्षरं जास्त तापवल्यामुळे. हीट गन कागदापासून दूर धरून दहा-पंधरा सेकंद गरम होऊ द्या, मग जवळ आणा. पावडर खरखरीत असते ती अचानक चकाकते. ज्या क्षणी चकाकली त्या क्षणी पुढे सरका. त्याच जागी थांबलात तर वितळलेली पावडर कागदात मुरते आणि उठाव जातो.

प्रश्न : ताणलेल्या कॅनव्हासवर ठसा अर्धवट येतो, टेक्स्चर पेस्टला (उठावदार पोत देणाऱ्या लेपाला) तडे जातात, आणि शेवटी ब्रशने वार्निश लावलं तर शाई वाहून गेली. थरांचा योग्य क्रम काय?

ताणलेला कॅनव्हास ढोलाच्या कातड्यासारखा दबतो, म्हणून ठशाला टेका मिळत नाही. चौकटीच्या आत बसेल एवढा पुठ्ठा किंवा पुस्तकांची थप्पी पाठीमागे ठेवा. रबरी स्टॅम्प ठोकळ्याला न लावता कॅनव्हासवर पालथा ठेवा आणि बोटांनी सगळीकडे दाबा. बारीक रेघांचे स्टॅम्प विणीवर तुटतातच, तिथे ठळक आकृती निवडा. बारीक ठसा हवाच असेल तर तो पांढऱ्या टिश्यू पेपरवर आर्काइव्हल शाईने काढा, वाळल्यावर कडा हाताने फाडा आणि मॅट मीडियमने (चकाकी नसलेल्या पारदर्शक ॲक्रिलिक द्रवाने) कॅनव्हासवर चिकटवा. मीडियम वाळलं की टिश्यू जवळजवळ दिसेनासा होतो आणि ठसा थेट कॅनव्हासवर काढल्यासारखा वाटतो. आमच्या मते कॅनव्हासवर बारीक रेघ आणायची ही सर्वांत खात्रीची रीत आहे.

क्रम असा. आधी जेसोचे (रंगाआधी द्यायच्या पांढऱ्या अस्तराचे) दोन पातळ हात, पहिला उभा, दुसरा आडवा. मधे बारीक सँडपेपर. मग कागदाचे तुकडे : मॅट मीडियम खालीही आणि वरूनही, नाहीतर कडा उचकटतात. मग स्टेन्सिलमधून टेक्स्चर पेस्ट, मग ॲक्रिलिक रंग आणि फवारे, मग ठसे, आणि सगळ्यांत शेवटी डाय-कट (डायने कापलेले आकार) व जड वस्तू. डाय-कटना मॅट मीडियम पुरतं. धातूचे, लाकडी तुकडे हेवी जेलमध्ये (घट्ट ॲक्रिलिक जेलमध्ये) रोवा आणि कॅनव्हास रात्रभर आडवा ठेवा.

पेस्ट तडकते कारण वरचा पापुद्रा आधी वाळून आकसतो आणि आतला भाग मऊच असतो. दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जाड थर एकदम देऊ नका. उंची हवी असेल तर एक थर पूर्ण वाळवून दुसरा द्या. ओल्या पेस्टवर हीट गन धरली की आत वाफ होऊन फुगे येतात, म्हणून तिला हवेतच वाळू द्या. पॅलेट नाइफ एकाच दिशेने फिरवा, स्टेन्सिल सरळ वर उचला आणि लगेच पाण्यात टाका.

आता वार्निश. डिस्ट्रेस प्रकारच्या शाया मुद्दाम पाण्याने हलतील अशाच बनवलेल्या असतात. कार्डावर त्यांची खरी मजा तीच, आणि पाण्याच्या वार्निशखाली त्यांचा घातही त्यानेच होतो. ब्रश लावण्याआधी स्प्रे वार्निशचे दोन-तीन हलके फवारे द्या, सुमारे ३० सेंटिमीटरवरून, खिडक्या उघड्या ठेवून, प्रत्येक फवारा वाळू देऊन. एकदम भिजेल इतका मारला तर स्प्रेनेही शाई सुटते. तुमच्या कॅनव्हासवर आधीच ओघळ आले असतील तर चोळू नका. पूर्ण वाळवा, पाणी घालून पातळ केलेला जेसो त्या भागावर फिरवा आणि कोरड्या कापडाने थोडा टिपून घ्या. धुरकट पडदा तयार होतो, त्यावर नवा ठसा छान दिसतो.

आणखी एक सांगायला हवं. डाय शाईचा रंग उजेडात उडतो. कार्ड पाकिटात किंवा खणात राहतं, तिथे चालतं. भिंतीवर टांगायच्या कॅनव्हासला पिगमेंट शाई किंवा ॲक्रिलिकच द्या.

प्रश्न : रंगवलेलं कार्ड वाळल्यावर वाकडं होतं आणि घडीवर कागद तडकतो.

एकाच बाजूला पाणी लागल्याने त्या बाजूचे तंतू फुगतात. म्हणून घडीच्या कार्डावर थेट रंगवू नका. ३०० जीएसएमच्या जलरंगाच्या कागदावर वेगळा तुकडा रंगवा, वाळल्यावर रात्रभर जड पुस्तकांखाली ठेवा आणि फोम टेपने किंवा दुहेरी टेपने चिकटवा. ओल्या गोंदाने तो पुन्हा वाकेल. ए-५ कागद दुमडून होणाऱ्या १०५ × १४८ मिलिमीटरच्या कार्डावर ९५ × १३८ चा तुकडा ठेवला की चहूबाजूंनी ५ मिलिमीटरची कड राहते.

घडी तडकते ती कागदाच्या तंतूंच्या आड दुमडल्यामुळे. ताव दोन्ही दिशांनी हलकेच वाकवून पाहा. ज्या दिशेने तो सहज वाकतो, घडी त्या दिशेने यावी अशा बेताने कापा. आधी बोन फोल्डरने (घडी घालायच्या बोथट पट्टीने) रेघ दाबून घ्या आणि मगच दुमडा. दाबताना उठलेला कंगोरा घडीच्या आत येतो.