घरी रायझन ५ चा डेस्कटॉप आहे, त्यावर क्रिप्टो मायनिंग सुरू करू का?

तुम्ही विचारलंय की रात्रभर रिकामा पडून असलेल्या डेस्कटॉपवर बिटकॉइन मायनिंग केलं तर थोडेफार पैसे सुटतील का, आणि त्यासाठी ग्राफिक्स कार्ड घ्यावं का.

कार्ड घेऊ नका, आणि बिटकॉइनचा विचारही सोडा. मायनिंग शिकायचं असेल तर मात्र आहे त्याच कॉम्प्युटरवर, एक रुपयाही न घालता, मोनेरो या दुसऱ्या क्रिप्टो नाण्यापासून सुरुवात करा.

कार्डाबद्दल इतकं ठामपणे सांगतोय, कारण २०२१ मध्ये मी नाशिकला एक जुनं कार्ड जवळजवळ नव्याच्या भावात घेतलं होतं. तेव्हा कार्डावर इथेरियम हे नाणं निघायचं. १५ सप्टेंबर २०२२ ला दुपारी सव्वाबाराच्या सुमारास इथेरियमने मायनिंगची पद्धतच बंद केली. स्क्रीनवर दर काही सेकंदांनी हिरव्या अक्षरांत ‘ॲक्सेप्टेड’ उमटायचं, ते थांबलं. कार्डाचे निम्मे पैसेही वसूल झाले नव्हते. त्या दिवसापासून जगभरची लाखो कार्डं उरलेल्या छोट्या नाण्यांकडे वळली आणि तिथली कमाईही बसली.

आता बिटकॉइन का नको ते सांगतो. मायनिंग म्हणजे एका गणिताच्या उत्तराचे अंदाज बांधत राहणं. ज्याचा अंदाज आधी बसेल त्याला ब्लॉकचं, म्हणजे व्यवहारांचा एक गठ्ठा नोंदवल्याचं, बक्षीस. २००९ मध्ये हे घरच्या कॉम्प्युटरवर जमायचं आणि बक्षीस ५० नाणी होतं. एप्रिल २०२४ पासून ते ३.१२५ आहे, आणि समोर त्याच एका कामासाठी बनवलेली यंत्रं आहेत. अँटमायनर एस२१ हे यंत्र सेकंदाला सुमारे २०० लाख कोटी अंदाज बांधतं आणि साडेतीन हजार वॅट खातं. तुमचा प्रोसेसर सेकंदाला काही कोटींवर अडतो. शर्यत तिथेच संपली.

मोनेरोने नोव्हेंबर २०१९ मध्ये रँडमएक्स नावाचं गणित आणलं, ते मुद्दाम साध्या प्रोसेसरला सोयीचं ठेवलंय. त्याला प्रत्येक थ्रेडमागे (प्रोसेसर एकाच वेळी जी कामं चालवतो त्यातलं एक) २ एमबी कॅश, म्हणजे प्रोसेसरमधलीच झटपट मेमरी, लागते आणि रॅममध्ये दोनेक जीबी जागा. रायझन ५ ३६०० मध्ये ३२ एमबी कॅश आहे, म्हणजे त्याचे बाराही थ्रेड चालतात.

चालतात खरे, पण पैशांचं काय? हिशेब मांडून बघा. मोनेरोचा ब्लॉक २ मिनिटांनी निघतो, बक्षीस ०.६ नाणं; दिवसाला ७२० ब्लॉक, म्हणजे सगळ्या जगात मिळून ४३२ नाणी. समजा सगळ्या नेटवर्कचा वेग सेकंदाला ५ अब्ज हॅश, म्हणजे अंदाज, आहे आणि तुमचा ५ हजार. तुमचा वाटा दहा लाखांत एक. एका नाण्याला २५,००० रुपये धरले तर दिवसाला जेमतेम ११ रुपये. कॉम्प्युटर १२० वॅट खात असेल तर चोवीस तासांत पावणेतीन युनिटच्या वर जातात. १० रुपये युनिट धरलं तर २९ रुपये. भाव आणि वेग रोज बदलतात, तेव्हा त्या दिवसाचे आकडे घालून हाच गुणाकार करा.

यातला विजेचा आकडा लोक हमखास चुकतात. प्रोसेसरच्या खोक्यावर लिहिलेले वॅट धरू नका. भिंतीतल्या सॉकेटला लावायचा छोटा मीटर मिळतो, तो लावून बघा. माझ्याकडे खोक्यावर ६५ होते आणि मीटरवर १२४ दिसले. शिवाय महावितरणचा दर टप्प्याटप्प्याने चढतो. महिन्याला हे ८५-९० युनिट वाढले की घरचं नेहमीचं बिल ३०० युनिटच्या पुढच्या टप्प्यात जाऊ शकतं, आणि मग वाढीव युनिट चढ्या दराने पडतात. छतावर सोलर असलेले म्हणतात वीज फुकट आहे. नेट मीटरिंगमध्ये, म्हणजे जादा सोलर वीज महावितरणला दिली की, तेच युनिट बिलातून वजा झाले असते, मग फुकट कसले?

हे सगळं कळूनही करावंसं वाटत असेल तर मला मनापासून आनंद आहे, कारण यातून वॉलेट (नाणी ठेवायचं पाकीट), पूल (एकत्र मायनिंग करून कमाई वाटून घेणारा गट), हॅश या गोष्टी हाताने कळतात. मोनेरोच्या अधिकृत संकेतस्थळावरून वॉलेट घ्या. ते २५ शब्द देईल, तीच तुमच्या नाण्यांची किल्ली. ते कागदावर लिहून कपाटात ठेवा. मोबाईलने फोटो काढू नका. मग एक्सएमरिग हे मायनिंगचं सॉफ्टवेअर गिटहब या संकेतस्थळावरच्या त्याच्या स्वतःच्या पानावरूनच उतरवा. अँटिव्हायरस ते लगेच उडवेल, कारण चोरटे हेच सॉफ्टवेअर दुसऱ्यांच्या कॉम्प्युटरमध्ये लपवून चालवतात. अँटिव्हायरस बंद करू नका, फक्त तेवढ्या फोल्डरला सूट द्या. त्याच्या कॉन्फिग (सेटिंग्जच्या) फाइलमध्ये पूलचा आणि वॉलेटचा पत्ता टाका, ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालू करा, पंधरा मिनिटांनी ‘एच’ दाबून वेग बघा. पूल किती साठल्यावर पैसे पाठवतो ते आधी वाचा, नाहीतर महिनोन्‌महिने वाट बघावी लागेल. ऑफिसच्या किंवा कॉलेजच्या कॉम्प्युटरवर हे अजिबात करू नका.

लॅपटॉपवरही नको. डेस्कटॉपची बाजूची झडप उघडून पंख्यातली धूळ ब्रशने काढा. माझ्या वरच्या मजल्यावरच्या खोलीत मे महिन्यात प्रोसेसर ९० अंशांपर्यंत गेला होता. धूळ काढून, प्रोसेसरवरची उष्णता वाहून नेणारी पेस्ट नवी लावून, चार थ्रेड कमी केल्यावर ७२ वर आला.

आणि ‘तुम्ही फक्त पैसे भरा, मायनिंग आम्ही करतो’ म्हणणाऱ्या कोणालाही पैसे देऊ नका. गेनबिटकॉइन नावाच्या अशाच एका योजनेने दरमहा १० टक्के परतावा १८ महिने देऊ असं सांगितलं होतं. पुण्यात २०१८ मध्ये त्यावर पोलीस केस झाली. कित्येकांची आयुष्यभराची पुंजी त्यात अडकली. मोबाईलवर मायनिंग करून देणाऱ्या ॲपचंही तेच समजा.

करही लक्षात ठेवा. १ एप्रिल २०२२ पासून क्रिप्टोच्या नफ्यावर सरसकट ३० टक्के कर आहे, वर सेस. मायनिंगला लागलेली वीज किंवा यंत्राची किंमत त्यातून वजा करू देत नाहीत. म्हणजे वरच्या हिशेबात २९ रुपये जाऊन ११ आले, तरी कर त्या ११ वर लागू शकतो. तेव्हा पहिल्या दिवसापासून एका वहीत तारीख, किती नाणी आली आणि त्या दिवशीचा भाव लिहीत जा. मी हे वर्षभर केलं नव्हतं, आणि नंतर सीएसमोर बसून एकेक नोंद शोधण्यात तीन रविवार गेले.