ओहतानीचं कार्ड घेताय? आधी मागची बाजू वाचा

मुलीला शोहेई ओहतानीचं ‘भारीतलं’ कार्ड हवंय आणि घरात बेसबॉलचं ओ की ठो कुणाला कळत नाही, तर आधी एवढंच ठरवा: रूकी कार्ड, म्हणजे खेळाडूच्या पहिल्या मोसमातलं, हवंय की नुसतं छान दिसणारं? ओहतानी 2018 च्या मोसमापासून जपान सोडून अमेरिकेतल्या एंजल्स संघाकडून खेळू लागला, त्यामुळे सगळी मारामारी त्या सालच्या कार्डांसाठी. डॉजर्स या दुसऱ्या संघाकडून तो 2024 पासून खेळतो. मुलीला डॉजर्सचंच हवं असेल तर खुशाल घ्या, फक्त रूकीच्या भावानं नको.

त्याचं रूकी म्हणजे टॉप्स कंपनीच्या 2018 च्या संचांपैकी टॉप्स सिरीज 2 मधलं 700 नंबरचं, टॉप्स अपडेटमधलं यूएस1 किंवा टॉप्स क्रोममधलं 150. नंबर मागे असतो, ‘आरसी’चा (रूकी कार्डचा) शिक्का पुढे. मागे अगदी तळाशी बारीक अक्षरांत छपाईचं साल असतं, तेही वाचाच; जुन्या डिझाइनवर नंतर छापलेली कार्डं इथेच पकडली जातात.

पाकिटं फोडत बसू नका. बिग फन च्युइंगगमच्या कार्डांसाठी आपणही खाऊचे पैसे उडवले असतील, पण इथे एकेक पाकीट महाग आणि हवं ते कार्ड निघेलच असं नाही. सुटं कार्ड घ्या. ईबेवर विक्रेत्यानं लावलेला भाव सोडा, ‘सोल्ड आयटम्स’ लावून प्रत्यक्षात किती मिळाले ते पाहा. पीएसए या कार्डं तपासून दर्जा ठरवणाऱ्या कंपनीच्या बंद डबीतलं असेल तर लेबलवरचा नंबर त्यांच्या साइटवर टाकून ताडून घ्या. नकली डब्याही फिरतात, आणि त्यांवर कधी कधी खऱ्या कार्डाचा नंबर असतो, म्हणून तिथे फोटो असेल तर तोही जुळवा.

घरी आणलं की आधी पेनी स्लीव्ह (पातळ प्लास्टिकची पिशवी), मग टॉपलोडर (कडक प्लास्टिकचं पाकीट). स्लीव्हशिवाय थेट टॉपलोडरमध्ये सरकवलं तर पृष्ठभागावर चरे पडतात. स्लीव्हमध्ये घालताना कोपरा तोंडाशी अडकून दुमडतो, म्हणून स्लीव्हच्या तोंडाचा एक कोपरा कात्रीनं किंचित तिरका छाटा. साध्या कार्डाला 35 पॉइंटचा (पॉइंट हे जाडीचं माप) टॉपलोडर पुरतो, जर्सीचा तुकडा बसवलेल्या जाड कार्डाला 130 किंवा त्याहून मोठा लागतो. रबरबँड नको. तोंड बंद करायला रंगाऱ्यांची निळी टेप वापरा, सेलोटेपचा चिकटा राहतो.

क्रोम कार्डाची एक खोड आहे: ते वाकतं. पुढचा चकचकीत थर दमट हवा शोषत नाही, मागचा पुठ्ठा शोषतो आणि फुगतो. इस्त्री किंवा हेअर ड्रायरच्या वाटेला जाऊ नका. खोलीतली आर्द्रता 45 ते 50 टक्के ठेवली की बरंचसं निभावतं. जुलैत कोकणात आजीला दाखवायला नेणार असाल, तर फोनमधला फोटो न्या.