उसाच्या चिपाडापासून यीस्ट वापरून झायलिटॉल बनवता येतं का?

रसवंतीवरचं चिपाड आणि बेकरीचं यीस्ट घेऊन झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ) करता येईल का, असं तुम्ही विचारलंय. चिपाड चालेल, यीस्ट बदलावं लागेल. झायलिटॉल बनतं ते चिपाडात बांधलेल्या झायलोज या साखरेपासून, आणि ब्रेडचं यीस्ट झायलोज खातच नाही. त्यासाठी कॅन्डिडा ट्रॉपिकॅलिस हे यीस्ट घ्या. पुण्याच्या एनसीएलमधल्या (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) एनसीआयएम या सूक्ष्मजीवांच्या संग्रहात चौकशी करा. अशक्त माणसाला या यीस्टचा संसर्ग होऊ शकतो, म्हणून काम कॉलेजच्या लॅबमध्येच करा, घरी नको.

चिपाड गरम पाण्याने दोन-तीनदा धुऊन वाळवा आणि दळा. रसातली साखर राहिली तर यीस्ट आधी तिचं अल्कोहोल करत बसतं. १०० ग्रॅम भुकटीला १ टक्का सल्फ्युरिक आम्लाचं १ लिटर द्रावण घालून ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाखालच्या वाफेचं भांडं) १२१ अंशांवर ३० ते ४५ मिनिटं ठेवा, म्हणजे झायलोज सुटतं. जास्त शिजलं तर सुटलेल्या झायलोजचंच फरफ्युरल हे यीस्टला मारक रसायन होतं.

बहुतेकांचं गाडं पुढे अडतं. या तपकिरी काढ्यात फरफ्युरल, फिनॉलं आणि ॲसिटिक आम्ल असतं. तसाच वापरला तर यीस्ट वाढत नाही. चुन्याने पीएच (आम्लतेचं माप) १० वर न्या, गाळ गाळून टाका, आम्लाने ५.५ वर आणा. मग २ टक्के सक्रिय कोळसा घालून ६० अंशांवर अर्धा तास ढवळा आणि गाळा. रंग फिकट पिवळा दिसला पाहिजे. निर्वातात आटवून झायलोज लिटरला ५०-६० ग्रॅमपर्यंत आणा. ॲसिटिक आम्ल कोळशाने फारसं जात नाही आणि पीएच ५ च्या खाली घसरला की पेशीत शिरून त्रास देतं, तेव्हा पीएचवर लक्ष हवंच.

थोडं यीस्ट एक्स्ट्रॅक्ट आणि अमोनियम सल्फेट घालून निर्जंतुक करा, मग ताजं वाढवलेलं विरजण घाला. २५० मिलीच्या फ्लास्कमध्ये १०० मिली द्रावण, ३० अंश, १५० आरपीएमवर हलवत, ४८ ते ७२ तास. सगळी मेख हवेत आहे. हवा मुबलक मिळाली तर यीस्ट झायलिटॉल पुढे वापरून स्वतःच वाढतं. अजिबात नसेल तर काम थांबतं. झायलिटॉल पुढे वापरायला पेशीला एनएडी हा मदतनीस रेणू लागतो. जेमतेम हवेत वापरलेल्या एनएडीएचचं पुन्हा एनएडी होणं मंदावतं, ती पायरी अडते आणि झायलिटॉल साचतं. दर १२ तासांनी एचपीएलसीवर (द्रावणातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) नमुना बघा. झायलोज संपत आलं की लगेच थांबवा, नाहीतर यीस्ट झायलिटॉलवरच ताव मारतं. १ ग्रॅम झायलोजमागे ०.६ ते ०.७ ग्रॅम मिळालं तर उत्तम समजा. तात्त्विक कमाल ०.९१७ आहे.

शेवटी पेशी काढा, कोळसा आणि आयन-एक्स्चेंजने (क्षार शोषून घेणारे रेझिन) स्वच्छ करा, दाट पाक करून ४ अंशांवर थंड करा आणि झायलिटॉलचे चार कण टाका. अरॅबिटॉल (झायलिटॉलसारखाच दुसरा पदार्थ) उरलं असेल तर पाक चिकटच राहतो, खडे धरत नाही. लॅबमधलं हे झायलिटॉल चाखू नका आणि कुत्र्यांपासून लांब ठेवा, त्यांना ते विषारी आहे.