लोटे-परशुराम एमआयडीसीतला स्प्रिंकलर फिटर कॅनडाला यायचं म्हणतोय, त्याला उत्तर

तुझा निरोप वाचला. आयटीआय फिटर, लोट्याच्या केमिकल कारखान्यांत आणि मधूनमधून जयगडला हायड्रंट-स्प्रिंकलरच्या, म्हणजे आग विझवायच्या पाण्याच्या यंत्रणेच्या, देखभालीची दहा-अकरा वर्षं, घरी आई, बायको आणि एक मुलगी. मुंबईचा एक एजंट कॅनडाच्या 'पक्क्या जॉब लेटर'चे चार लाख मागतोय. तुला विचारायचंय ते असं: जावं का, इथला अनुभव तिथे धरतात का, काम कसं असतं, आणि त्यापेक्षा आखात बरं का. तू दादा म्हणालास, तेव्हा मीही अरे-तुरेच करतो. मी गुहागरकडचा. आधी कतारला होतो, आता कॅनडात एडमंटनला स्प्रिंकलर दुरुस्तीच्या सर्व्हिस गाडीवर आहे.

आधी ते चार लाख. देऊ नकोस. बाहेरच्या माणसाला घ्यायचं तर बहुतेक वेळा इथल्या मालकाला सरकारकडून एलएमआयए नावाची परवानगी काढावी लागते. तिची फी एका जागेमागे १,००० डॉलर आहे, ती मालकाने भरायची असते आणि कामगाराकडून वसूल करायला कायद्याने बंदी आहे. नोकरीसाठी कामगाराकडून पैसे मागणारा मालक इथे गुन्हा करतो. पूर्वी एक्सप्रेस एंट्रीत, म्हणजे कायमच्या वास्तव्याच्या (पीआरच्या) अर्जांची गुणांवर निवड होते त्यात, जॉब ऑफरचे जादा गुण मिळायचे, त्यामुळे अशा पत्रांचा बाजारच भरला होता. २५ मार्च २०२५ पासून ते गुण बंद झाले, पण एजंटांची जुनी जाहिरात अजून चालूच आहे. आपल्याकडचा नोंदणीकृत रिक्रूटिंग एजंटही उमेदवाराकडून ३०,००० रुपये अधिक जीएसटी याच्यावर घेऊ शकत नाही, आणि तेही पावती देऊन. तुझा एजंट नोंदलेला आहे का, ते भारत सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर बघ. कॅनडाच्या कागदपत्रांसाठी पैसे घेऊन सल्ला देणारा माणूस एक तर कॅनडातला वकील हवा, नाहीतर इथल्या इमिग्रेशन कन्सल्टंटांच्या कॉलेजचा, म्हणजे त्यांच्या नियामक संस्थेचा, परवानाधारक. ती यादी कोणालाही बघता येते. एजंटाला परवाना क्रमांक विचार. पुढचं संभाषण आपोआप छोटं होईल.

आता अनुभव. धरतात, पण कागदावर असेल तेवढाच. कॅनडाच्या व्यवसाय यादीत आपलं काम ७२३०१ या क्रमांकाखाली येतं, स्टीमफिटर आणि पाइपफिटरांबरोबर. त्यातल्या स्प्रिंकलरवाल्याच्या वर्णनात बसवणं, चाचणी घेणं, देखभाल आणि दुरुस्ती या चारही गोष्टी आहेत. म्हणजे 'मी नवीन लाइन टाकत नाही, नुसती रिपेअरिंग करतो' असं तू कमीपणा घेऊन लिहिलंयस, त्याची गरज नाही. एक्सप्रेस एंट्रीतल्या फेडरल स्किल्ड ट्रेड्सच्या, म्हणजे कुशल कारागिरांच्या, वाटेने यायला मागच्या पाच वर्षांत दोन वर्षांचं पूर्णवेळ काम लागतं, ते तुझ्याकडे आहे. इंग्रजी फार लागत नाही. आयईएल्ट्स जनरलमध्ये ऐकणं, बोलणं ५, वाचन ३.५ आणि लेखन ४ एवढ्यावर पात्रता होते. निवड मात्र गुणांवर होते, म्हणून जेवढं जास्त मिळवशील तेवढं चांगलं. खरी अडचण पुढे आहे: एक वर्षाची खरी जॉब ऑफर किंवा एखाद्या प्रांताचं सर्टिफिकेट ऑफ क्वालिफिकेशन (कारागिराच्या पात्रतेचा दाखला), यांतलं एक हातात लागतं. सर्टिफिकेटची परीक्षा साधारणपणे इथे येऊनच द्यावी लागते. त्यामुळे बहुतेकजण आधी वर्क परमिटवर येतात, मग रेड सीलची, म्हणजे कॅनडाभर चालणाऱ्या कारागिरीच्या शिक्क्याची, परीक्षा देतात. ती बहुपर्यायी असते, ७० टक्क्यांना पास. कोणत्या व्यवसायांना बोलावतात ती यादी वरचेवर बदलते, त्यामुळे माझ्यासकट कोणाच्या सांगण्यावर न जाता सरकारी संकेतस्थळावर स्वतः बघ.

कागदाचं सांगतो, कारण आपल्याकडची माणसं इथेच अडकतात. तू काम करतोस फायर कंत्राटदाराकडे, पगार येतो लेबर कंत्राटदाराकडून, पीएफ तिसऱ्याच्याच नावावर आणि गेटपासवर हुद्दा 'हेल्पर'. लोट्याला काय, महाडला काय, हीच तऱ्हा. कॅनडाचा अधिकारी तुझे हात बघणार नाही, पत्र बघणार. कंपनीच्या लेटरहेडवर हुद्दा, रुजू झाल्याची तारीख, आठवड्याचे तास, पगार, सही करणाऱ्याचं नाव आणि फोन हवा. आणि कामाची यादी तू रोज करतोस त्या शब्दांत हवी: अलार्म व्हॉल्व्हची ट्रिम उघडून साफ करणं, डेल्यूज व्हॉल्व्हची चाचणी, स्प्रिंकलर हेड बदलणं, जॉकी पंपाचं प्रेशर स्विच लावणं, सडलेला पाइपाचा तुकडा कापून नवा घालणं. 'फायर फायटिंगची सर्व कामे उत्तम केली' असल्या पत्राचा उपयोग शून्य.

एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्याप्रमाणे दर जानेवारी आणि जुलैला परवानाधारक एजन्सी फॉर्म बी देते, यंत्रणा चालू स्थितीत आहे म्हणून. त्याच्यामागे तुम्ही केलेल्या चाचण्यांचे रिपोर्ट असतात, त्यांवर तुझी सही असेल. मालकाची परवानगी घेऊन त्यांच्या प्रती काढून ठेव. पीएफचं पासबुक, बँकेतल्या पगाराच्या नोंदी, जुने गेटपास, आयटीआयची गुणपत्रिका, सगळं एका फायलीत. आणि हे आत्ताच कर. वार्षिक कंत्राट दुसऱ्याकडे गेलं की जुना साहेब फोन उचलत नाही.

काम कसं असतं, तर पाणी तेच, आणि स्प्रिंकलरच्या हेडमधला, उष्णतेने फुटून पाणी सोडणारा काचेचा बल्बही तोच. लाल ६८ अंशांचा, हिरवा ९३ चा, तुला पाठ आहे. पण तुझा आजवरचा शत्रू गंज आहे: खारा वारा, कारखान्याची वाफ, चार महिने पाऊस. इथला शत्रू बर्फ. एडमंटनला जानेवारीत उणे तीसपर्यंत जातं. पाण्याने भरलेला पाइप चार अंशांच्या खाली जाऊ द्यायचा नाही, हा नियम. मग गरम न केलेल्या पार्किंगमध्ये, माल चढवायच्या धक्क्यावर, छपराच्या पोकळीत काय करायचं? तिथे ड्राय सिस्टिम असते. पाइपात पाणी नाही, हवा भरलेली. ड्राय व्हॉल्व्हचा क्लॅपर, म्हणजे आतली झडप, असा बनवलेला असतो की वरची थोडी हवा खालचं बरंच जास्त पाणी दाबून धरते. हेड फुटलं की हवा जाते, क्लॅपर उघडतो, पाणी धावतं. आपल्याकडे कोकणात ही भानगड नाही, म्हणून तू ती कदाचित पुस्तकातच पाहिली असशील.

यातली मेख अशी की कंप्रेसर हवेबरोबर दमटपणाही आत ढकलतो. ते पाणी उतारावरून सखल जागी येऊन साठतं. पाइपाला उतार हवा: ब्रँच लाइनला दर दहा फुटांमागे अर्धा इंच, मेनला पाव इंच. एखादा हँगर सैल पडला की पाइपाला झोळ येतो, झोळात पाणी, पाण्याचा बर्फ, बर्फाने फिटिंग तडकतं. तरी काही कळत नाही, कारण तड्यात बर्फच बूच होऊन बसलेला असतो. ऊन पडून तो सुटला की हवा जाते, व्हॉल्व्ह ट्रिप होतो, म्हणजे आपोआप उघडतो, अख्ख्या पार्किंगच्या पाइपांत पाणी भरतं. फोन येतो तो तेव्हा.

म्हणून सखल जागी ड्रम ड्रिप लावलेलं असतं: वर एक व्हॉल्व्ह, मध्ये जाड पाइपाचा तुकडा, खाली दुसरा व्हॉल्व्ह. वरचा बंद करायचा, खालचा उघडून साठलेलं पाणी बादलीत घ्यायचं, खालचा बंद करायचा, वरचा उघडायचा, तुकड्यात पुन्हा पाणी उतरायला थोडा वेळ द्यायचा, आणि पाणी यायचं थांबेपर्यंत हेच. दोन्ही एकदम उघडलेस तर हवा निघून जाईल आणि तुझ्याच हाताने सिस्टिम ट्रिप होईल. एका मोठ्या पार्किंगमध्ये अशी कितीतरी ठिकाणं असतात आणि इमारतीच्या माणसाला निम्मी माहीत नसतात. सप्टेंबर ते नोव्हेंबर आम्ही हेच करतो, शिडी आणि बादली. कंटाळवाणं काम आहे. पण या कामात डोकं शांत असलेल्या माणसाला मान आहे, आणि दुरुस्तीवाला तसा असतो. नवीन बांधकामावरचे फिटर भराभर पाइप चढवतात. बिघाड शोधायला मात्र जुनं खोड लागतं. आल्यावर नोकरी शोधताना 'सर्व्हिस अँड इन्स्पेक्शन' असा शब्द शोध, इन्स्टॉलेशनच्या रांगेत उभा राहू नकोस.

हाताची सवय एका बाबतीत मोडावी लागेल. आपल्या पाइपाचे आटे ब्रिटिश पद्धतीचे (बीएसपी), इथे अमेरिकन पद्धतीचे (एनपीटी). अर्ध्या आणि पाऊण इंचाला दोन्हीकडे इंचाला चौदाच आटे, त्यामुळे एकमेकांत दोन-तीन फेरे मजेत जातात आणि वाटतं, बसलं. पण एकाचा कोन ५५ अंश, दुसऱ्याचा ६०. टेफ्लॉन कितीही गुंडाळ, ते गळणारच. एक इंचाला तर मोजणीच वेगळी, अकरा आणि साडेअकरा. आपल्याकडचं एकही फिटिंग बॅगेत घालून आणू नकोस.

दुसरा फरक शिस्तीचा. आपण शिफ्ट इनचार्जला सांगून व्हॉल्व्ह बंद करतो, काम झालं की उघडतो. इथे व्हॉल्व्ह बंद करण्याआधी अलार्मवर नजर ठेवणाऱ्या मॉनिटरिंग कंपनीला फोन, इमारतीच्या जबाबदार माणसाची परवानगी, व्हॉल्व्हला टॅग. चोवीस तासांत दहा तासांहून जास्त वेळ सिस्टिम बंद राहणार असेल तर फायर वॉच, म्हणजे फिरता पहारा ठेवणं किंवा तशीच काही सोय करावी लागते. आग लागूनही स्प्रिंकलर चालला नाही अशा घटनांत पाणी कोणीतरी बंद करून ठेवलेलं असणं हे सगळ्यात मोठं कारण निघतं, म्हणून एवढा घोळ. आणि प्रत्येक गोष्ट टॅबलेटवर लिहायची, इंग्रजीत. रंग लागलेलं हेड दिसलं तर खरवडून साफ करायचं नाही, बदलायचं आणि नोंद करायची. या लिहिण्याचा मला पहिल्या वर्षी कामापेक्षा जास्त ताप झाला. एनएफपीए २५, म्हणजे अमेरिकेतल्या अग्निसुरक्षा संस्थेचं तपासणी-देखभालीचं नियमपुस्तक, आत्तापासून वाचायला घे. संस्थेच्या साइटवर नोंदणी केलीस की फुकट वाचता येतं. रोजच्या रिपोर्टची भाषा तिथलीच आहे.

पगाराचे आकडे देत नाही, प्रांताप्रमाणे आणि युनियनप्रमाणे फार फरक पडतो. कॅनडा सरकारच्या जॉब बँकेत ७२३०१ टाकलंस की तासाचा दर दिसेल. त्यातून कर, पेन्शन, बेकारी विमा कापून जे उरेल त्यातून घरभाडं वजा करून बघ, रुपयांत गुणाकार नंतर. अनुभवी असूनही सुरुवातीला तुला अप्रेंटिसच्या दराने घेतील अशी शक्यता धर. वयाने लहान पोरगं तुला पाना आणायला सांगेल. ते सोसणार नसेल तर येऊ नकोस, खरंच सांगतो.

आखाताबद्दल आपल्याकडे घराघरांत माहिती आहे, मी वेगळं काय सांगू? लवकर जमतं, कर नाही, कुटुंब बहुधा मागे राहतं आणि कायमचं राहणं नाही. पण तुझ्या धंद्याला एक फायदा आहे: तिथली कामं बहुतांशी एनएफपीएच्या नियमांनी चालतात, आणि तिथल्या कंपन्या हुद्दा नीट लिहून पत्र देतात. तुझं लोट्याच्या कामाचं पत्र कोणी देईनाच, तर दोन-तीन वर्षं आखातात काढून मग अर्ज करणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं. पत्र मिळत असेल तर तो वळसा कशाला?

घरचं. पीआर मिळाली तर बायको-मुलगी त्याच अर्जात येतात. आई येत नाही. तिला नंतर सुपर व्हिसावर, म्हणजे आई-वडिलांसाठीच्या लांब मुदतीच्या व्हिसावर, आणता येतं, एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहू देतात, पण वैद्यकीय विमा खाजगी काढावा लागतो आणि तुझं उत्पन्न ठरावीक रकमेच्या वर लागतं. तिला थंडी मानवेल का हे तूच जाण. डिसेंबरात दिवस साडेसात तासांचा असतो.

आणि गणपतीची सुट्टी विसर. आमचा मोसम नेमका तेव्हाच सुरू होतो, बर्फ पडायच्या आत सगळ्या ड्राय सिस्टिम निचरून व्हायला हव्यात. त्या दिवसांत रजा मागणारा माणूस साहेबाला आवडत नाही. मी शिमग्याचंही धरत नाही, मे महिन्यात येतो. आंबा तरी मिळतो.

सामानाचं विचारलंयस. हत्यारं आणू नकोस, मोठी कंपनी देते आणि छोटी इथे घे. थंडीचे कपडे मुंबईहून घेऊ नकोस, ते इथे टिकत नाहीत. दात मात्र चिपळुणात सगळे बघून, भरून घे आणि चष्म्याच्या दोन जोड्या करून आण. मोठ्या माणसाचे दात आणि चष्मा प्रांताच्या सरकारी आरोग्य विम्यात साधारणपणे येत नाहीत, आणि कंपनीचा विमा लागू व्हायला काही महिने जातात. पत्राचा मसुदा तयार झाला की मला पाठव, कामांची यादी मी बघून देतो.