एकट्याचा खेळ ऑनलाइन जातो तेव्हा

वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

प्रश्न : ताई, मी ‘ड्रॅगन क्वेस्ट’ या जपानी व्हिडिओगेम मालिकेचा वेडा आहे. कॉलेजात असताना फोनवर चौथा, पाचवा आणि आठवा भाग खेळलो, अकरावा गेल्या दिवाळीच्या सुट्टीत लॅपटॉपवर संपवला. रात्री हेडफोन लावून, एकट्यानं, प्रत्येक गावातल्या प्रत्येक माणसाशी बोलत खेळायला मला आवडतं. दहावा भाग शोधायला गेलो तेव्हा कळलं की तो पूर्ण ऑनलाइन आहे, महिन्याला पैसे घेतो आणि इंग्रजीत आलेलाच नाही. आता बारावा यायचा आहे. तोही त्याच वाटेनं गेला तर माझ्यासारख्यानं काय करायचं?
एक वाचक, सातारा

उत्तर : आधी बाराव्याचं. मालिकेच्या पस्तिसाव्या वाढदिवशी, २७ मे २०२१ला, मालिकेचे जनक युजी होरी यांनी त्याची घोषणा केली. गोष्ट मोठ्यांसाठीची असेल, लढाईची पद्धत बदलेल, एवढं ते बोलले. ऑनलाइनचं नाव काढलं नाही. तेव्हा त्या धाकधुकीपायी झोप घालवू नका.

दहाव्याबद्दल मात्र मला सविस्तर बोलायचं आहे. तुम्हाला आज जे वाटतंय तेच जपानमधल्या चाहत्यांना सप्टेंबर २०११मध्ये वाटलं होतं. दहावा भाग ऑनलाइन असणार हे तेव्हा जाहीर झालं, आणि मी त्या वेळी नोकरीसाठी ओसाकात होते. ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत कित्येक दिवस हाच विषय. माझ्या शेजारी बसणारे गृहस्थ चाळिशीचे, १९८६चा पहिला भाग शाळेत असताना खेळलेले. दिवसभर माणसांशीच बोलावं लागतं, रात्री तरी समोर फक्त स्लाइम (या खेळातला गोळ्यासारखा छोटा राक्षस) हवा, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांच्या बोलण्यात राग कमी आणि हिरमोड जास्त होता.

त्यांच्या भीतीला आधारही होता. ‘फायनल फँटसी’ या दुसऱ्या जपानी मालिकेचा अकरावा भाग मे २००२मध्ये ऑनलाइन गेला, तो त्यांनी खेळून पाहिला होता. प्लेस्टेशन २ला वेगळी हार्ड डिस्क जोडायची, महिन्याची फी भरायची, आणि दहाव्या लेव्हलच्या पुढे एकट्यादुकट्याचं काही चालायचं नाही. पार्टी, म्हणजे सोबत लढणाऱ्यांची टोळी, जमेपर्यंत ताटकळत बसायचं. मेलात तर कमावलेला अनुभव वजा, कधीकधी लेव्हलसुद्धा खाली. ज्याला घरी परतल्यावर जेमतेम तासभर मिळतो, त्याचा तो तास वाट बघण्यातच जायचा.

‘ड्रॅगन क्वेस्ट’च्या चाहत्याला हे जास्त झोंबतं, त्याचं कारण या मालिकेच्या स्वभावात आहे. इथे हात चपळ असावे लागत नाहीत. एखादा राक्षस भारी पडला तर मागे फिरायचं, गावाबाहेर हिंडून लेव्हल वाढवायची आणि पुन्हा जायचं. धीर धरणारा प्रत्येक माणूस शेवटपर्यंत पोहोचतो. आजोबा पोहोचतात, तिसरीतली नात पोहोचते. पण ऑनलाइन पार्टीत तुमच्या सावकाशीची किंमत दुसरे मोजतात. तुम्ही संवाद वाचत थांबलात की तीन जण खोळंबतात. लोक ‘अनोळखी माणसं नकोत’ म्हणतात, त्यात खरी भीती मला हीच दिसते: आपण कुणावर तरी ओझं होऊ.

आता दहावा भाग प्रत्यक्षात कसा निघाला ते सांगते. २ ऑगस्ट २०१२ला तो निंटेंडोच्या ‘वी’ या खेळयंत्रावर आला. मावायला १६ जीबीची यूएसबी मेमरी लागायची, ती शोधत मी दोन दुकानं पालथी घातली. खेळाची सुरुवातच ऑफलाइन होती. तुमचं मूळ गाव, तिथली माणसं, तिथलं संकट, हे सगळं एकट्यानं अनुभवायचं आणि मगच सर्व्हरवर पाऊल ठेवायचं. लढाईत आदेश पूर्वीसारखेच यादीतून निवडायचे. फक्त आता पात्राला वजन आलं होतं. दणकट योद्धा राक्षसाच्या वाटेत उभा राहून त्याला मागे रेटायचा आणि मागचे मांत्रिक वाचायचे. खेळणारे त्याला सुमोच म्हणायचे. ही युक्ती मला आजही फार आवडते. वेगाच्या ठिकाणी वजन आणलं, त्यामुळे सावकाश खेळणाऱ्यालाही लढाईत जागा राहिली.

पण सगळ्यात मोठं काम केलं ते भाड्याच्या साथीदारांनी. तुम्ही खेळ बंद करताना आपलं पात्र खानावळीत ठेवून जायचं. दुसऱ्या कुणाला पार्टी हवी असेल तर तो थोडे पैसे मोजून ते घेऊन जातो, संगणक ते चालवतो, आणि तुम्ही परत आलात की त्याच्या कमाईतला अनुभव आणि सोनं तुमच्या नावावर जमा. माझी एल्फ पुजारीण जखमा भरून काढणारी, त्यामुळे तिला कायम मागणी. मी दिवसभर ऑफिसात आणि ती कुणाकुणाबरोबर डोंगरदऱ्यांत! संध्याकाळी मीही तिघांना भाड्यानं घ्यायचे आणि माझ्या गतीनं हिंडायचे. त्या तिघांची माणसं तेव्हा झोपलेली असोत की जेवत असोत, मी एखाद्या म्हातारीचं बोलणं दोनदा वाचत बसले तरी कुणाचा खोळंबा होत नव्हता. शेजारचे गृहस्थ महिनाभर नको नको म्हणत राहिले आणि नंतर त्यांनीही डिस्क घेतली.

महिन्याच्या पैशांचाही विचार झालेला होता. ३० दिवसांचे १००० येन, पण रोज दोन तास ‘किड्स टाइम’ म्हणून फीशिवाय खेळता यायचं. दुपारी शाळेतून आलेल्या मुलांसाठी ती वेळ होती.

हे सगळं पाहिल्यामुळे मी तुम्हाला सांगते: गर्दीची भीती मनातून काढून टाका. करणाऱ्यानं मनावर घेतलं तर ऑनलाइन खेळही एकट्याला नीट खेळता येतो. काळजी करायचीच असेल तर ती पुढच्या पत्रात आहे.

प्रश्न : मी मूळचा पुण्याचा, आता तोक्योत निशिकसाईला राहतो. इथल्या जुन्या वस्तूंच्या एका दुकानात ‘ड्रॅगन क्वेस्ट १०’ची वीवरची डिस्क अगदी कवडीमोलानं मिळाली. जपानी वाचायचा सराव होईल म्हणून आनंदानं घेतली, पण सर्व्हरशी जोडणीच होत नाही. डिस्कवर एक ओरखडाही नाही. मला फसवलं का?
एक वाचक, तोक्यो

उत्तर : तुम्हाला कुणी फसवलेलं नाही, आणि डिस्कही चांगलीच असणार. वीवरची सेवा नोव्हेंबर २०१७मध्ये बंद झाली. मार्च २०२४मध्ये निंटेंडोच्याच वी यू आणि ३डीएस या यंत्रांवरचीही थांबली. खेळ चालू आहे, पण नव्या यंत्रांवर. तुमच्या हातातल्या डिस्कला जायला जागा उरलेली नाही.

२०११च्या त्या गदारोळात लोक गर्दीबद्दल बोलले, फीबद्दल बोलले. ‘हे किती वर्षं चालेल आणि बंद झाल्यावर माझ्याकडे काय राहील?’ असं विचारणारा मला तरी कुणी भेटला नाही. माझ्या मते मालिका ऑनलाइन जाते तेव्हा विचारायचा पहिला प्रश्न हाच.

फरक केवढा आहे बघा. १९८६च्या पहिल्या भागाच्या कार्ट्रिजमध्ये सेव्ह करायची सोयच नव्हती. राजाकडे गेलं की तो २० अक्षरांचा एक मंत्र द्यायचा, तो वहीत उतरवून घ्यायचा. एक अक्षर चुकलं की मेहनत पाण्यात, म्हणून मुलं दोनदोनदा तपासायची. पण ती वही कुणाच्या माळ्यावर अजून असेल आणि कार्ट्रिज चालत असेल, तर तो योद्धा आजही तिथूनच पुढे निघेल. त्यासाठी कुठल्याही कंपनीच्या परवानगीची गरज नाही.

याच्या उलट ‘फायनल फँटसी १४’. ३० सप्टेंबर २०१०ला तो आला आणि पार कोसळला. डिसेंबरात कंपनीच्या अध्यक्षांनी जाहीर माफी मागितली आणि नाओकी योशिदा यांच्याकडे सूत्रं गेली. त्यांनी डागडुजी करत बसण्याऐवजी जुनं जग बंद करून नवं बांधायचं ठरवलं. ११ नोव्हेंबर २०१२ला खेळातल्या आकाशातला चंद्र कोसळला आणि सर्व्हर थांबले. शेवटही गोष्टीतच गुंफला होता, हे मोठेपण. २७ ऑगस्ट २०१३ला नवा खेळ उभा राहिला, आज जगभर खेळला जातो, आणि त्याचं श्रेय योशिदांना द्यायलाच हवं. पण २०१०च्या त्या जगात दोन वर्षं राहिलेली माणसंही होती. त्यांच्या ओळखीच्या वाटा आता फक्त व्हिडिओत आहेत. खेळ वाईट होता म्हणून त्यांचा लळा खोटा ठरत नाही.

म्हणूनच १५ सप्टेंबर २०२२ या तारखेचं मला अप्रूप आहे. त्या दिवशी ‘ड्रॅगन क्वेस्ट १०’ची ऑफलाइन आवृत्ती आली. पात्रांची डोकी मोठी, अंगं छोटी, भाड्याच्या साथीदारांच्या जागी गोष्टीतलीच माणसं सोबत येतात, आणि पहिल्या टप्प्याची पूर्ण कथा एकट्यानं खेळता येते. पुढच्या वर्षी दुसऱ्या टप्प्याची भरही आली. इंग्रजीत ती अजून नाही, याचं सातारच्या वाचकांइतकंच मलाही वाईट वाटतं. तुम्ही मात्र तोक्योत आहात आणि जपानी वाचता. निंटेंडोच्या स्विच या यंत्रावरची ऑफलाइन आवृत्ती घ्या.

आणि ज्यांची लाडकी मालिका उद्या ऑनलाइन जाईल त्यांनी ही मागणी पहिल्या दिवसापासून लावून धरावी: शेवटी एकट्यानं खेळता येईल अशी एक आवृत्ती द्या. चाहत्यांचं कुणी ऐकत नाही असं समजू नका. डिसेंबर २००६मध्ये नववा भाग दाखवला तेव्हा त्यात बटणं बडवायची लढाई होती. लोकांनी नाराजी कळवली, आणि २००९मध्ये खेळ आला तो जुन्या, पाळीपाळीच्या लढाईसह. नको काय हे तेव्हा चाहत्यांनी नेमकं सांगितलं होतं, म्हणून ऐकणाऱ्यालाही काय बदलायचं ते कळलं.

प्रश्न : ‘एल्डर स्क्रोल्स’ मालिकेतला पाचवा खेळ ‘स्कायरिम’ मी किती वेळा खेळलो असेन, मोजदाद नाही. सहावा भाग येईपर्यंत ‘एल्डर स्क्रोल्स ऑनलाइन’ घ्यावा का? ठाण्यातून पिंग किती त्रास देईल?
एक वाचक, ठाणे

उत्तर : तो ‘स्कायरिम’च्या चमूनं केलेला नाही, हे आधी लक्षात घ्या. ४ एप्रिल २०१४ला आला तेव्हा महिन्याला १५ डॉलर मागत होता, आणि कोण कुठल्या प्रदेशात जाऊ शकेल यावर गट आणि लेव्हलची कुंपणं होती. फी मार्च २०१५मध्ये सक्तीची राहिली नाही. ऑक्टोबर २०१६मध्ये कुंपणंही काढली, आणि माझ्या मते खेळ खऱ्या अर्थानं तेव्हा सुरू झाला. आज एका कोपऱ्यातून निघून हवं तिकडे चालत सुटता येतं, आणि बहुतेक कथा एकट्यानं संपते. कथा चांगल्याही आहेत.

मिळणार नाही ते हे: दुकानदाराच्या डोक्यावर बादली ठेवून दुकान साफ करणं, मॉड (खेळणाऱ्यांनी स्वतः केलेले बदल) टाकून जग पालटणं, एखाद्याला मारलं तर तो कायमचा गेलेला असणं. हजारो लोकांच्या जगात तुमची खूण राहू शकत नाही. ‘स्कायरिम’मध्ये तुम्हाला तेच आवडत असेल तर घेऊ नका, थांबा.

पिंगचं, म्हणजे सर्व्हरपर्यंत संदेश जाऊन परत यायला लागणाऱ्या वेळेचं, गणित सरळ आहे. युरोपचे सर्व्हर फ्रँकफर्टला आहेत, मुंबईहून सरळ रेषेत साधारण साडेसहा हजार किलोमीटर. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे जाऊन यायला कमीत कमी ६५ मिलिसेकंद. समुद्राखालची केबल वळसे घेते, त्यामुळे प्रत्यक्षात याहून बरंच जास्त. कथा खेळताना ते जाणवणार नाही. माणसांशी लढताना जाणवेल. वायफाय सोडून केबल लावा, आणि अमेरिकेचा सर्व्हर चुकूनही निवडू नका, कारण पात्र नंतर हलवता येत नाही.

प्रश्न : माझी मुलगी बारा वर्षांची आहे. मैत्रिणी ऑनलाइन खेळतात म्हणून तिलाही असा गोष्टीचा खेळ हवा आहे. अनोळखी लोकांशी गप्पा आणि कार्डावरून जाणारे पैसे, या दोन्हींची मला भीती वाटते.
एक आई, नाशिक

उत्तर : तुमच्या दोन्ही भीती रास्त आहेत. पण मुलीला हवी आहे ती गोष्ट, आणि त्यासाठी ऑनलाइन जायची गरज नाही. ‘ड्रॅगन क्वेस्ट ११ एस’चा डेमो, म्हणजे चाखून बघायचा सुरुवातीचा भाग, मोफत मिळतो. कॉम्प्युटरवर, प्लेस्टेशन ४वर आणि स्विचवर आहे. आठ-दहा तास सहज पुरतो. कार्ड लागत नाही, कुणी अनोळखी येत नाही. इंग्रजी वाचन भरपूर आहे, तेव्हा पहिले दोन-तीन दिवस शेजारी बसा आणि अडलेलं सांगा. आवडला तर मग विकत घ्या. डेमोतली सेव्ह पूर्ण खेळात तशीच पुढे चालते.