साखळी किती फुटांची? आधी आणे पाहा

प्रश्न असा आहे: दारव्हा तालुक्यातल्या शेतजमिनीच्या एका जुन्या वाटणीपत्रात 'धुऱ्यापासून (शेताच्या बांधापासून) पांधणीपर्यंत (शेतरस्त्यापर्यंत) 5 साखळ्या 8 आणे' आणि 'विहीर धुऱ्यापासून 20 हात' असं लिहिलंय. साखळी म्हणजे जमीन मोजायची साखळी. वर्ध्याकडचे व्याही साखळी 66 फुटांची सांगतात, गावातले म्हातारे 33 ची. मग मीटर किती धरायचे?

म्हाताऱ्यांचं धरा. पुरावा त्याच ओळीत आहे: 'आणे'. रुपयाचे सोळा आणे, तसेच 33 फुटी साखळीचेही सोळा आणे. एक आणा म्हणजे दोन फूट पाऊण इंच. तुमच्या साडेपाच साखळ्यांचे 181.5 फूट, म्हणजे 55.32 मीटर होतात. व्याह्यांच्या हिशेबानं हेच 110.64 मीटर झाले असते, आणि धुरा थेट शेजाऱ्याच्या पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीत, गेला असता!

व्याह्यांची 66 फुटी साखळीही खरीच आहे. एडमंड गंटर या इंग्रज गणितज्ञानं ती 1620 च्या सुमारास बसवली. तिला 100 कड्या, एक कडी 7.92 इंचांची. अशा दहा साखळ्या लांब आणि एक साखळी रुंद तुकडा म्हणजे बरोबर एक एकर. मध्यप्रांतात, म्हणजे नागपूर-वर्धा-भंडाऱ्याकडे, एकराचे शंभर भाग करण्याची रीत होती, तिच्याशी शंभर कड्यांचा मेळ छान बसतो. तुमचा दारव्हा तालुका मात्र वऱ्हाडातला. वऱ्हाड प्रांत 1853 मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात आला आणि तिथली मोजणी मुंबई इलाख्याच्या पद्धतीनं झाली. तिथे 33 गुणिले 33 फूट म्हणजे गुंठा, आणि 40 गुंठ्यांचा एकर. 1903 मध्ये वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलं गेलं, तरी जुन्या कागदांतले आणे-गुंठे काही पुसले गेले नाहीत. म्हणून कागदात आणे असतील तर 33, कड्या असतील तर 66.

क्षेत्र वाचतानाही हाच घोळ होतो आणि तो जास्त महागात पडतो. वर्ध्याकडच्या कागदातला '2.35 एकर' म्हणजे 2 एकर 14 गुंठे. वऱ्हाडातला माणूस तो सवयीनं 2 एकर 35 गुंठे वाचतो. फरक 21 गुंठ्यांचा, अर्ध्या एकराहून जास्त. सोयरिकी वर्धा नदीच्या दोन्ही काठांवर होतात, तेव्हा हे घरात सर्वांना ठाऊक असलेलं बरं.

आता विहिरीचे 20 हात. हात म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत, दोन विती, साधारण 18 इंच. म्हणजे 30 फूट, नऊ मीटरच्या आसपास. इथे दशांश चिन्हापुढचे आकडे लिहू नका. हात ज्याचा त्याचा, तेव्हा फूटभर इकडेतिकडे होणारच. भास्कराचार्यांच्या 'लीलावती' या जुन्या गणितग्रंथात 24 अंगुळांचा (बोटांच्या रुंदीचा) हात, 4 हातांचा दंड आणि 2000 दंडांचा कोस दिलाय. 18 इंची हातानं तो कोस सुमारे 3.66 किलोमीटर भरतो, आणि आपल्याकडे कोस म्हणजे दोन मैल, 3.2 किलोमीटर धरतात. हात थोडा आखूड धरला की कोसाला एवढा फरक पडतो.

धुऱ्याचा वाद असेल तर भूमी अभिलेख कार्यालयातून त्या सर्व्हे नंबरच्या टिपणाची, म्हणजे मोजणीच्या वेळी मापं टिपलेल्या कच्च्या नकाशाची, नक्कल काढा आणि वाटणीपत्रातला आकडा तिच्याशी ताडून पाहा. टिपणावरचे आकडेही आधी साखळी-आण्यांत आहेत का, ते बघा आणि मगच मीटर करा.